तरंगदूर

वडगावात, बाजार गल्लीच्या मागं,
बसप्पांच्या मागावर माझी शिकवणी.
मागावर म्हणजे अक्षरशः वर :
खाली सहा यंत्रमाग, वर फळा,
मध्ये जुन्या फळकुटांची जमीन.
भाडं कमी, कारण ऐकू काही येत नाही.

प्रश्न लिहिला डाव्या बाजूला :
इलेक्ट्रॉनची तरंगलांबी एक अँगस्ट्रॉम, तर वेग काढा.
मग तोच उजवीकडे, कन्नडात,
कारण निम्मी पोरं तिकडून शिकत आलेली, निम्मी इकडून.
कण तिकडंही कणच. वेगही वेगच.
वस्तुमानाची तेवढी द्रव्यराशी होते,
आणि आपण जिला तरंगलांबी म्हणतो
तिला ते म्हणतात तरंगदूर.
वीस वर्षं झाली,
या शब्दापाशी खडू अजून थबकतो.
आपण लाट मोजतो, वारावर धरून, कापडासारखी.
ते विचारतात, पुढची अजून किती लांब आहे?

स्थिरांक दोन्हीकडं स्थिरांक.
बदलला असता तर कशाला म्हटलं असतं,
परशराम मुचंडीकर म्हणाला
आणि एकटाच हसला.

शिवलीलाचं उत्तर सगळ्यांत आधी :
सेकंदाला सात हजार दोनशे ऐंशी मीटर.
म्हणजे इथून निपाणी दहा सेकंदांत, ती म्हणाली,
लाल बसला पावणेदोन तास लागतात, सर.
चांगलं आहे, म्हटलं, पण तू वजन ग्रॅममध्ये ठेवलंस.
तिनं खोडलं. हजारानं गुणलं.
निपाणी आता सेकंदाच्या शंभराव्या भागात आली
आणि कुणालाच उतरायला वेळ मिळाला नाही.

इलेक्ट्रॉन कुणी धावताना पाहिलेला नाही.
तो जाऊन झाल्यावर
पडद्यावर काळ्या-पांढऱ्या कड्या उरतात,
त्यांवरून लांबी, लांबीवरून वेग.
आपण नेहमी मागून येतो.

मग धोट्याला पण लाट असेल, परशरामनं विचारलं.
असणारच. मांडा.
धोटा चारशे ग्रॅम, वेग सेकंदाला बारा मीटर.
शून्य, टिंब, मग शून्यं.
तेहतीस शून्यं लिहायची होती,
अठराव्याला फळा संपला,
उरलेली त्यानं भिंतीवर काढली, चुन्यात,
आणि खिडकीच्या चौकटीपाशी : एक तीन आठ.
एवढं जड असलं की लाट दिसत नाही, मी सांगितलं.
नसते असं नाही. दिसत नाही.

तेवढ्यात वीज गेली.
सहा माग एका दमात गप्प,
आणि माझा आवाज मलाच ऐकू आला,
केवढ्यानं ओरडत होतो मी,
इतकी वर्षं, एवढ्याशा खोलीत.
कुणी हललं नाही.
खाली बसप्पा कुणाला तरी कन्नडात शिव्या घालत होते,
शिवलीला मान खाली घालून ऐकत होती. आजोबा तिचे.

वीज आली तसे माग सुरू झाले.
बसप्पा वर आले, भिंतीवरची शून्यं बघितली,
त्यांबद्दल बोलले नाहीत.
टेबलावर खडूची भुकटी सांडली होती,
ती थरथरून आपोआप ओळींत बसत होती,
बारीक, वळणदार, बोटभर अंतरावर एकेक.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला, वाकले.
काय करूलालाय सर, हे?
काही नाही, म्हटलं, तरंग.
ते बघत राहिले.
काल जवळजवळ होत्या ह्या, म्हणाले,
आज लांब लांब पडूलाल्यात.
तीन नंबरचा पट्टा ढिल्ला झालाय की ओ,
माग हळू चाललाय.
आणि जिना उतरून गेले, पान्हा शोधायला.

परशराम माझ्याकडं बघत होता.
सूत्र मी पुसलं नाही.
शिवलीलाच्या वहीवर सही केली,
अर्धा गुण कापला :
उत्तरापुढं एकक लिहिलं नव्हतं तिनं,
डावीकडचंही नाही, उजवीकडचंही नाही.